पंचगंगेची पातळी कळते, गॅसची गळती का कळू नये?

कोल्हापुरात पाइप गॅसचा विषय निघाला की बोलणं लगेच रस्त्यावर येतं. परवाच झालेला डांबरी रस्ता, त्याच्या कडेनं पुन्हा मारलेली चर, चरीत सोडलेला पाइप, वरून लोटलेला मुरूम आणि पहिल्याच पावसात खचलेली पट्टी. या खचलेल्या पट्टीवरून शहरात जो वाद चालतो तो ऐकून मी अस्वस्थ होतो. लोकांचा राग खोटा नाही, पण तो चुकीच्या जागी खर्च होतो आहे. एक बाजू म्हणते, शहराची चाळण केली, आमचा सिलिंडर काय वाईट होता? दुसरी म्हणते, नवं काही आलं की आडवं पडायची या गावाला सवयच आहे. एकाला पाइपच नको आहे, दुसऱ्याला पाइपबद्दल प्रश्न नको आहेत. लक्ष मात्र दोघांचंही पाइप पुरण्याच्या त्या चार दिवसांवर. पण चार दिवसांत पुरलेला पाइप पुढं पन्नास वर्षं जमिनीत राहणार असतो. त्या काळात तो कुठं झिरपला तर कोणी शोधायचं, किती दिवसांत दुरुस्त करायचं आणि त्या गल्लीतल्या माणसांना कोणी सांगायचं? यावर ना निवेदन निघतं, ना मोर्चा.

माझी भूमिका आधीच सांगतो. पाइप गॅस यावा, घरोघरी यावा. पण गळती शोधणं आणि ती बंद करणं हे पुरवठादाराच्या सवडीवर किंवा चांगुलपणावर सोडू नये. ते कायद्यानं बांधलेलं असावं. ठरलेल्या काळानं रस्तोरस्ती तपासणी, सापडलेल्या प्रत्येक गळतीला धोक्याप्रमाणे दर्जा, प्रत्येक दर्जाला दुरुस्तीची मुदत, मुदत चुकली तर दंड, आणि ही सगळी नोंद नागरिकाला अर्ज न करता दिसेल अशी उघडी. यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि आपल्याकडं नेमकी तीच नाही.

ही उणीव मला आमच्या गल्लीत कळली. गटारीच्या कामावर आलेल्या जेसीबीचा दात पाइपला लागला. मोठ्यानं फुसफुस सुरू झाली आणि पाठोपाठ कुजक्या कोबीसारखा वास. जेसीबीवाल्यानं लगेच इंजिन बंद केलं, कोणीतरी धावत जाऊन कोपऱ्यावरच्या वड्याच्या गाड्याची शेगडी विझवली. तासाभरात माणसं आली, वॉल्व्ह बंद झाला, संध्याकाळपर्यंत खड्डा बुजला. काम नीट झालं असेल, मी तसंच धरून चाललो. पण तिसऱ्या दिवशी रात्री पुन्हा मंद वास आला. शेजारच्या काकूंना आला, मला आला, माझ्या मुलाला आला नाही. फोन केल्यावर एक माणूस आला, त्यानं हातातलं यंत्र फिरवलं आणि काही नाही म्हणाला. मी विचारलं, त्या दिवशी जोड कोणी मारला, नंतर दाब तपासला का, आत्ताची तपासणी कुठं लिहिणार? माणूस सभ्य होता. त्यानं सरळ सांगितलं, "साहेब, ते आमच्या कागदावर असतं, तुम्हाला द्यायचं नसतं." खणणाऱ्या कंत्राटदाराला गाठलं, तर तो म्हणाला, आमचं काम गटारीचं, गॅसचं आम्हाला काय माहीत? वास पुढं दोन दिवसांत गेला. गळती होती की नव्हती हे सांगणारा कागद आमच्या गल्लीत आजही कोणाकडं नाही.

आता 'पाइप गॅस सुरक्षितच आहे' म्हणणाऱ्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो, कारण ते बरंच खरं आहे. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला की फरशीवर साचतो, ओट्याखाली, पलंगाखाली पसरतो आणि ठिणगीची वाट पाहतो. पाइपमधला नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन, हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा. तो वर जातो, खिडकी उघडी असेल तर बाहेर पडतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये असेल तरच तो पेट घेतो. घरातल्या शेगडीपर्यंत तो येतो तेव्हा त्याचा दाब अगदी किरकोळ, २१ मिलिबारच्या आसपास असतो. सिलिंडरच्या आत त्याच्या शेकडो पट दाब असतो. रस्त्याखालचा गल्लीबोळातला पाइप आता प्लास्टिकचा असतो, त्याला गंज चढत नाही. घरातल्या स्वयंपाकघरापुरतं बोलायचं तर पाइप गॅस सिलिंडरपेक्षा सुरक्षित आहे, आणि ज्यांना हे मान्य नाही त्यांनी चूल की स्टोव्ह या जुन्या वादातली भीतीच नव्या कपड्यात आणली आहे.

पण स्वयंपाकघरातला हा हिशेब रस्त्याखाली लागू पडत नाही. मिथेन वर जातो तो वरची वाट मोकळी असेल तर. उन्हाळ्यात आपली काळी माती बोट शिरेल इतकी भेगाळते, तेव्हा गळलेला वायू त्या भेगांतून निघून जातो. पावसाळ्यात तीच माती फुगून, भिजून घट्ट होते. वर डांबर, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक. मग वायू आडवा सरकतो. गटार, केबलची नळी, पाण्याच्या पाइपभोवतीची पोकळ भरणी, जिथं माती सैल असेल तिथून तो वाट काढतो आणि गळतीपासून दूर, जिथं पाइप गेलेलाच नाही अशा तळघरात किंवा जिन्याखाली निघतो. आमच्या पेठांत घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत, बाजाराच्या भागात दुकानाखाली गोदामं आहेत, आणि जुन्या गटारांचे मार्ग कागदापेक्षा जुन्या प्लंबरांच्या डोक्यात जास्त नीट आहेत. त्यात आणखी एक गोष्ट. मिथेनला स्वतःचा वास नसतो. आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त रसायनाचा. वायू मातीतून लांब झिरपत गेला तर माती हे रसायन शोषून घेऊ शकते. म्हणजे जो वायू सगळ्यात लांबून, सगळ्यात अनपेक्षित जागी पोचतो, त्याचाच वास कमी येण्याची शक्यता असते. ज्या घरात पाइप गॅसची जोडणीच नाही ते कुटुंब वासाचा विचार तरी कशाला करेल?

हे पुस्तकी भय नाही. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळच्या क्लार्कस्टन इथं १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये दुकानांची एक रांग उडाली आणि २२ माणसं गेली. दुकानदारांना काही दिवस आधीपासून वास येत होता, त्यांनी तक्रार केली होती, माणसं येऊन शोधून गेली होती, त्यांना गळती सापडली नव्हती. रस्त्याखालचा पाइप तडकून वायू दुकानांखालच्या पोकळीत साचत होता. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ ला पेट्रोल गटारात उतरून मैलोन्‌मैल रस्ते फाटले, २०० हून अधिक लोक मेले. पेट्रोलच्या पाइपला खेटून पाण्याचा पाइप टाकला होता आणि दोन धातूंच्या संगतीत पोलाद कुरतडलं गेलं होतं. तिथंही गटारीतून वास येतो म्हणून लोक आधीपासून सांगत होते. आणि आपल्याच देशात, आंध्रातल्या नगरम गावात, २७ जून २०१४ च्या पहाटे 'गेल' या सरकारी गॅस कंपनीची मोठी वाहिनी फुटून वीसहून अधिक माणसं होरपळून गेली. कोरड्या वायूच्या वाहिनीतून ओलसर वायू जात होता, त्यानं पोलाद आतून खाल्लं. गावकऱ्यांच्या गळतीच्या तक्रारी तिथं नव्या नव्हत्या. तिन्ही ठिकाणी माणसांच्या नाकानं आपलं काम केलं होतं. तक्रारीचं पुढं काय झालं हे त्या माणसांना बघता येत नव्हतं, प्रश्न तिथं होता.

यावर जाणकारांचं सगळ्यात वजनदार उत्तर असं असतं: कायदा नाही असं कोण म्हणतं? २००६ चा पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ कायदा आहे. शहरी गॅसजाळ्यासाठी २००८ चे तांत्रिक आणि सुरक्षा निकष आहेत, आपत्कालीन आराखड्याचे २०१० चे नियम आहेत, जाळ्याच्या सक्षमतेचे २०१३ चे नियम आहेत. गळतीची तपासणी, वास मिसळणं, चोवीस तासांचा नियंत्रण कक्ष, त्रयस्थ संस्थेकडून परीक्षण, सगळं त्यांत आहे. उल्लंघनाला एक कोटी रुपयांपर्यंत आणि ते चालू राहिलं तर रोज दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे सगळं बरोबर आहे, आणि आपल्याकडं काहीच नियम नाहीत अशी ओरड करणारे लोक आपलीच बाजू कमजोर करतात. पण हे नियम कोणाशी बोलतात ते बघा. ते कंपनी आणि दिल्लीतलं मंडळ यांच्यात बोलतात. तपासणीचा अहवाल कंपनीकडून मंडळाकडं जातो. मंगळवार पेठेतल्या ज्या बाईच्या उंबऱ्यासमोर पाइप आहे, तिला त्या संभाषणात जागा नाही. जाळं लहान होतं तोवर हे चाललं असेल. देशात २०१४ साली घरगुती जोडण्या २५ लाखांच्या आसपास होत्या, आज त्या सव्वा कोटीच्या कितीतरी पुढं गेल्या आहेत. दाभोळहून बंगळुरूला जाणारी मोठी वाहिनी आपल्याच जिल्ह्यातून जाते, आणि शहरातलं जाळं गल्लीगल्लीत शिरतं आहे. एवढ्या पसाऱ्यावर एका दूरच्या मंडळाची नजर पुरेल असं कोण छातीठोक सांगेल?

वास मिसळण्याचा नियम मुळात आला कुठून, हे इथं आठवायला हवं. १८ मार्च १९३७ ला अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये न्यू लंडन गावची शाळा वायूच्या स्फोटात कोसळली. तीनशेच्या आसपास जीव गेले, बहुतेक मुलं. शाळेखाली वायू साचत होता आणि त्याला वासच नव्हता. काही आठवड्यांत टेक्सासनं वायूत वास मिसळणं सक्तीचं केलं, आणि तो नियम पुढं जगभर गेला. त्या कायद्यानं काय केलं? सामान्य माणसाच्या नाकाला तपासनीस नेमलं. शेजारच्या काकू, वड्याचा गाडेवाला, जेसीबीवाला हे सगळे त्या दिवसापासून बिनपगारी निरीक्षक झाले. आपण आजही पहिला भरवसा त्यांच्यावर ठेवतो. प्रत्येक माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं की वास आला तर ताबडतोब कळवा. मग या निरीक्षकाला आपल्या कळवण्याचं पुढं काय झालं ती नोंदवही पाहायचा हक्क का नसावा? ज्याच्यावर कळवण्याची जबाबदारी टाकली त्याला उत्तर देण्याची जबाबदारी कोणाचीच नाही, हा व्यवहार एकतर्फी आहे.

उघड्या नोंदीनं काय बदलतं याचं उदाहरण बॉस्टनचं आहे. २०११ साली बॉस्टन आणि ड्यूक या दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी मिथेन मोजणारं यंत्र गाडीत बसवून शहराचे ७८५ मैल रस्ते पालथे घातले. त्यांना ३,३५६ गळत्या सापडल्या. शहर जुनं, पाइप बीडाचे, त्यामुळं आकडा मोठा होता. पण खरी खळबळ त्या नकाशानं उडवली. लोकांना पहिल्यांदा आपल्या घरासमोरचा ठिपका दिसला. २०१४ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यानं कायदा केला. गळतीचे तीन दर्जे ठरले. पहिल्या दर्जाची, म्हणजे जीवाला धोक्याची असेल तर लगेच काम सुरू करून धोका टळेपर्यंत थांबायचं नाही. दुसऱ्या दर्जाची बारा महिन्यांत. तिसऱ्या दर्जाची पुन्हापुन्हा तपासायची. यादी दरवर्षी जाहीर करायची. शाळेच्या आसपासच्या गळत्यांना आधी हात घालायचा. आणि मला सगळ्यात आवडलेलं कलम: रस्त्याचं मोठं काम निघालं की आधी त्या रस्त्याखाली गळती आहे का ते तपासायचं, मगच वर डांबर टाकायचं. तो कायदा परिपूर्ण नव्हता. तिसऱ्या दर्जाच्या गळत्या वर्षानुवर्षं तशाच राहिल्या, म्हणून २०१६ मध्ये त्यांतल्या मोठ्या गळत्यांसाठी वेगळी तरतूद करावी लागली. पण ती उणीव लोकांना दिसली ती यादी उघडी होती म्हणूनच. साऱ्या अमेरिकेत मात्र हे इतकं सरळ झालेलं नाही. तिथल्या संसदेनं २०२० साली गळती शोध आणि दुरुस्तीचे नियम करायला सांगितलं, २०२३ मध्ये मसुदा आला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकार बदलताना अंतिम नियम छापण्याआधीच मागं घेतला गेला. युरोपीय संघानं मात्र २०२४ मध्ये मिथेन गळतीचा कायदा लागू केला. म्हणजे ही गोष्ट राजकीय इच्छेची आहे. यंत्रं तर आपल्याकडं आलेल्या त्या सभ्य माणसाच्या हातातही होती.

खर्चाचा मुद्दा मी हलका मानत नाही. तपासणी, दुरुस्ती, नोंद ठेवणारी माणसं, यांचा पैसा शेवटी ग्राहकाच्या बिलातच येणार. चार माणसांच्या घरात महिन्याला शे-दोनशे रुपयांचा फरक कळतो. पण गणित पुरतं मांडलं पाहिजे. कंपनीला गळतीतून वाया जाणाऱ्या वायूची किंमत कळते. ती किंमत दुरुस्तीच्या खर्चापेक्षा जास्त असेल तर ती आपणहून दुरुस्ती करेल, त्यासाठी कायद्याची गरज नाही. कायद्याची गरज आहे ती बारक्या गळतीसाठी. दिवसाला काही रुपयांचा वायू जात असेल आणि रस्ता फोडून जोड बदलायला हजारो रुपये लागणार असतील, तर व्यवहार म्हणतो थांब. तो वायू ज्याच्या तळघरात साचतो आहे त्याच्या जीवाची किंमत या हिशेबात कुठंच धरलेली नसते. म्हणून बाजार हा प्रश्न सोडवणार नाही, कंपनी खासगी असो की सरकारी.

आणि सुरक्षेच्या सक्तीनं उद्योग बुडतो असं म्हणणाऱ्यानं एकदा कोल्हापूर जिल्ह्यात गळीत हंगामाच्या तोंडावर यावं. प्रत्येक साखर कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ होतो. अध्यक्ष-संचालक येतात, पूजा होते, आग पेटते. ती आग पेटवण्याआधी बॉयलरची तपासणी होऊन चालवण्याचा दाखला मिळालेला असावा लागतो, आणि तो दाखला कायमचा नसतो, ठरावीक मुदतीचा असतो. ही पद्धत आली कुठून? १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटला, माणसं मेली, १८६४ मध्ये बंगालनं कायदा केला, मग १९२३ चा साऱ्या देशाचा कायदा आला. त्यात बॉयलरचा अपघात झाला तर चोवीस तासांत कळवण्याचं बंधन मालकावर घातलं गेलं. शंभर वर्षं झाली. या सक्तीमुळं कारखानदारी थांबली का? उलट आज एखाद्या कारखान्यानं दाखल्याशिवाय बॉयलर पेटवला तर शेतकरी सभासदच आधी हरकत घेतील. बॉयलर कारखान्याच्या कुंपणात असतो, त्याच्याभोवती त्याचं काम जाणणारी माणसं असतात. गॅसचा पाइप बालवाडीसमोरून जातो. मग कमी काळजी कशाची घ्यायची?

गळत्या कंपनीमुळं होत नाहीत, खणणाऱ्यांमुळं होतात, हा युक्तिवाद आमच्या गल्लीनं तर प्रत्यक्षच पाहिला. जेसीबी, केबलवाले, नळाचं कनेक्शन घेणारा, बोअर मारणारा, असा कोणीही पाइपला दुखवू शकतो. मार्च २०२३ मध्ये केंद्रानं खणण्याआधी कळवण्याचं ॲपही आणलं; ते चांगलंच आहे. पण खणणाऱ्याला दोष देण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: पाइप नेमका कुठं आहे हे त्याला सांगणारा नकाशा होता का? कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनोत सप्टेंबर २०१० मध्ये १९५६ साली पुरलेली वाहिनी फुटली, आठ माणसं गेली, आणि नंतर उघड झालं की कंपनीच्या दप्तरात तो पाइप बिनजोड नोंदला होता, प्रत्यक्षात तो जोडलेला होता. वायू बंद करायलाच दीड तास लागला. दप्तर चुकीचं असेल तर तज्ज्ञही आंधळा होतो, मग जेसीबीवाल्याचं काय? पाइप पुरायची ठरलेली खोली आणि आराखड्यातली त्याची रेघ वाटेत कातळ लागला की, जुनी गटार आडवी आली की, हात-दोन हात सरकते. पुरल्यानंतरचा खरा नकाशा महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात हवा, नुसता कंपनीच्या संगणकात नको. आणि पाइपला धक्का लागला की दुरुस्तीनंतर ठरावीक दिवसांनी पुन्हा तपासणी, ही सक्ती हवी. ओढला गेलेला पाइप जिथं दात लागला तिथंच दुखावतो असं नाही. ताण पुढच्या जोडापर्यंत जातो.

राहिला घबराटीचा मुद्दा. गळत्यांची यादी जाहीर केली तर लोक घाबरतील, अफवा उठतील, कोणी वाईट हेतूनं वापर करेल, असं अधिकारी फार मनापासून सांगतात. मला त्यांना एवढंच विचारायचं आहे, पावसाळ्यात तुम्ही कोल्हापुरातच असता ना? जुलै लागला की राजाराम बंधाऱ्याची पातळी हा या शहराचा रोजचा पहिला प्रश्न असतो. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे आकडे शाळकरी पोराला पाठ आहेत. किती बंधारे पाण्याखाली गेले, राधानगरीचे किती दरवाजे उघडले, तासातासाला कळतं. त्यामुळं घबराट होते का? होते ती तयारी. शाहूपुरीतला दुकानदार माल वर चढवतो, चिखलीचा शेतकरी जनावरं हलवतो, बावड्यातली माणसं पाहुण्यांना फोन लावतात. २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या पुढं गेली तेव्हा शहराची सगळ्यात मोठी तक्रार जास्त माहिती मिळाली ही नव्हती. धरणांच्या विसर्गाची माहिती वेळेत आणि नीट मिळाली नाही ही होती. माहितीनं हे शहर कधी बिथरलं नाही, अंधारात ठेवल्यावर मात्र बिथरलं आहे. वाईट हेतूची शंका असेल तर मोठ्या वाहिनीच्या वॉल्व्हचे ठिकाण, दाब असा तपशील गुप्त ठेवा, त्याला माझी हरकत नाही. पण 'अमुक गल्ली, दुसरा दर्जा, सापडली या तारखेला, दुरुस्तीची मुदत या तारखेपर्यंत' एवढ्या चार शब्दांतून कोणता घातपात होणार आहे?

पाण्याची आणि वायूची तुलना मी आणखी एका कारणासाठी करतो. काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनला गळती लागली की साऱ्या शहराला कळतं. कारंजं उडतं, शेतात पाणी साचतं, नळ कोरडे पडतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो असतो. पाण्याची गळती स्वतःची तक्रार स्वतः करते. वायूची गळती तक्रार करत नाही. म्हणून पाण्याला जेवढा कायदा पुरतो तेवढा वायूला पुरणार नाही. इथं शोधण्याची सक्ती कायद्यातच असावी लागते.

हवामानाचा मुद्दा मी मुद्दाम मागं ठेवला, कारण त्यावरून आपल्याकडं पटकन दुसराच वाद पेटतो. मिथेन वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून जास्त उष्णता धरतो. २०२१ मध्ये मिथेन कमी करण्याची जी जागतिक प्रतिज्ञा झाली तीत भारत सामील झाला नाही, आणि भातशेती व जनावरांच्या बाबतीत ती भूमिका मला पटते. कोल्हापूरच्या म्हशीचा गोठा आणि श्रीमंत देशांची चैन एका तराजूत घालू नये. पण फुटक्या जोडातून जाणारा मिथेन कोणाच्या पोटापाण्याचा आहे? तो कोणाची शेगडी पेटवत नाही, कोणाचं दूध वाढवत नाही. तो अडवायला प्रतिज्ञेवर सही करायची गरज नाही.

कायदा दिल्लीत व्हायला वेळ लागेल हे मला कळतं. पण रस्ता खणण्याचा परवाना इथंच मिळतो, कोल्हापुरात. त्या परवान्याच्या अटींत महापालिकेला आजही चार ओळी घालता येतील: पुरल्यानंतरचा प्रत्यक्ष मोजलेला नकाशा महिन्याभरात वॉर्ड ऑफिसात द्यायचा, कोणत्याही रस्त्यावर नवं डांबर किंवा काँक्रीट टाकण्याआधी खालच्या पाइपची गळती तपासून लेखी दाखला घ्यायचा, पाइपला धक्का लागला तर पंधरा दिवसांनी फेरतपासणी करायची, आणि प्रत्येक तक्रार, तपासणी, दुरुस्ती तारखेसह वॉर्डाच्या फळ्यावर आणि संकेतस्थळावर लावायची. टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी याच शहरानं रस्त्याच्या एकेका फुटाचा हिशेब मागितला होता. कृती समित्या, तालमी, वकील, निवृत्त अभियंते, सगळे कागद घेऊन बसले होते. तीच माणसं आज खचलेल्या पट्टीचे फोटो काढत आहेत. माझी त्यांना विनंती आहे, पुढच्या निवेदनात पट्टीच्या डांबराबरोबर पट्टीखालच्या पाइपची नोंदवही मागा.

आमच्या गल्लीतली ती बुजवलेली जागा या पावसाळ्यात चार बोटं खचली आहे. काकू अजून रोज रात्री झोपण्याआधी दार उघडून वास घेऊन बघतात.